खानदेशातल्या घरात गरम फरशी: कुठे, किती आणि कशी

बाहेरच्या माणसाला जळगाव-धुळे म्हटलं की ऊन आठवतं, आणि त्यात चूक काही नाही. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या आसपास असतो. पण डिसेंबर लागला आणि सातपुड्याकडून वारं सुटलं की त्याच धुळ्यात किमान तापमान दहाच्या खाली उतरतं. तोरणमाळ, डाबच्या बाजूला गवतावरचं दव गोठतं. रावेर-यावल भागात केळीला थंडीचा फटका बसू नये म्हणून शेतकरी रात्री बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात. आपली घरं मात्र सगळी उन्हाळ्याच्या हिशोबानं बांधलेली. समोरासमोर खिडक्या, वर झरोके, खाली गुळगुळीत टाइल किंवा शहाबादी फरशी. घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असेल, तर पहाटे चारला उठून त्या फरशीवर पाय ठेवायचा म्हणजे अंगावर काटा येतो.

फरशीखाली तापणारी केबल किंवा गरम पाण्याची नळी घालून खोली उबदार ठेवायची पद्धत थंड मुलखात जुनी आहे. कोरियात तिला ओंडोल म्हणतात. पूर्वी तिथं चुलीचा धूर फरशीखालून फिरवत, आता गरम पाणी फिरवतात. काश्मीरमधल्या मशिदींच्या हमामात दगडी फरशीखाली लाकडं जाळतात. आता आपल्याकडेही नवं घर बांधणारे लोक याची चौकशी करू लागले आहेत. त्यांना मी एकच सांगतो: अख्ख्या घराची फरशी तापवायला जाऊ नका. एकच खोली घ्या, आणि त्या खोलीचाही निम्माच भाग घ्या.

यामागचं कारण उन्हाळा आहे. गरम फरशी करताना तिच्याखाली उष्णता अडवणारी शीट घालावी लागते, नाहीतर ऊब खाली जमिनीत जाते. पण तीच शीट उन्हाळ्यात जमिनीचा गारवाही वर येऊ देत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पंखा लावून नुसत्या फरशीवर आडवं पडणं हे आपलं सगळ्यात स्वस्त कूलिंग आहे. दीड-दोन महिन्यांच्या थंडीसाठी सगळ्या घरातून ते घालवू नये.

फरशी गार का लागते

विहिरीचं पाणी पहाटे कोमट लागतं, हे ज्यानं थंडीत रात्रपाळीचं पाणी भरलंय त्याला सांगायला नको. काही मीटर खोलीवर जमिनीचं तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं, आणि आपल्याकडे ती सरासरी २७ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या घराखालची जमीन युरोपातल्याइतकी गार नसते. वरचा थर तेवढा रात्रीच्या हवेनं थंड होतो. शिवाय टाइल आणि दगड पायातली ऊब पटकन ओढून घेतात, म्हणून १८-२० अंशांची फरशीसुद्धा बर्फासारखी वाटते.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. तळमजल्यावर फार जाड शीट लागत नाही, १० ते २० मिलिमीटर पुरते. आणि खोलीची ऊब खालून कमी, वरून आणि फटींतून जास्त जाते. स्लॅब रात्रभर उघड्या आभाळाखाली थंड होत असतो. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या खाचांतून वारं येतं, दाराखाली बोटभर फट असते, व्हेंटिलेटरला नुसती जाळी असते. म्हणून पहिली पायरी फरशीची नाहीच. खिडकीच्या ट्रॅकला ब्रशची पट्टी बसवा, दाराखाली रबर लावा, व्हेंटिलेटरला थंडीपुरती काढता येईल अशी ॲक्रिलिकची झडप करून घ्या, जाड पडदे लावा. एवढं करून आठवडाभर राहून बघा. बऱ्याच घरांत इथंच काम भागतं. तरीही पाय गारठत असतील तरच पुढचा खर्च करा.

कोणती खोली, कोणता भाग

आजी-आजोबांची झोपायची खोली पहिली. तिला लागून संडास-बाथरूम असेल तर पलंगापासून तिथपर्यंतची वाट तापवायच्या भागात घ्या. दुसरा नंबर बाळंतिणीच्या खोलीचा. बैठकीची खोली तापवण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे तिचं दार दिवसभर उघडंच असतं.

१० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. त्यातले साधारण ६५ चौरस फूट, म्हणजे सहा चौरस मीटर तापवले की पुरे. कपाट, दिवाण, धान्याची कोठी यांच्याखाली केबल घालायची नाही. तळाशी जागा नसलेल्या सामानाखाली ऊब कोंडते, तिथली फरशी वाजवीपेक्षा तापते आणि केबलचं आयुष्य घटतं. पाय असलेला पलंग चालतो.

इथं आपल्या घरांपुरती एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. आपल्याकडे बरेच जण खाली गादी टाकून झोपतात. कापसाची गादी आणि वर दोन गोधड्या म्हणजे मजबूत झाकण. तिच्याखाली उष्णता साठत जाते, आणि तापमान मोजणारा सेन्सर दुसरीकडे असेल तर त्याला ते कळतच नाही. म्हणून गादीची जागा ठरलेली असेल तर तापवायचा पट्टा तिच्या शेजारून न्या, खालून नको. ज्यांना मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली आहे, त्यांच्या खोलीत तर हे काटेकोर पाळा. पाय भाजतोय हे त्यांना वेळेत समजत नाही.

खोलीचा आराखडा कागदावर काढा. भिंतीपासून वीतभर जागा सोडा, सामान दाखवा, उरलेल्या जागेत पट्टा आखा. तापणाऱ्या केबलची मॅट मागवायची ती या कागदावरून. दुकानदाराच्या अंदाजावरून मागवू नका.

वीज की गरम पाणी

एका खोलीसाठी विजेची मॅट घ्या. जाळीवर चिकटवलेली बारीक केबल असते, जाडी तीन-चार मिलिमीटर. दर चौरस मीटरला १०० ते २०० वॉट अशा क्षमतेत मिळते. आपल्याला १५० भरपूर होते.

गरम पाण्याची पद्धत मोठ्या, नव्या घरासाठी ठीक. तीत १६ मिलिमीटरची पेक्स (एक प्रकारच्या प्लास्टिकची) नळी १५-२० सेंटिमीटर अंतरानं वेटोळी घालून वर पाच ते साडेसात सेंटिमीटरचा कोबा टाकतात आणि ३५ ते ४५ अंशांचं पाणी फिरवतात. एक वेटोळं १०० मीटरपेक्षा लांब करत नाहीत, आणि कोबा टाकण्याआधी नळीत दाब भरून गळती तपासतात. आपल्याकडे थंडीतही आभाळ स्वच्छ असतं, गच्चीवर सोलर वॉटर हीटर असतोच, म्हणून त्याचं पाणी फरशीत फिरवायची कल्पना मोह घालते. हिशोबानं ती चुकीचीही नाही: २०० लिटर पाणी २० अंशांनी थंड झालं की साडेचार युनिटांहून थोडी जास्त उष्णता देतं, म्हणजे एका खोलीची रात्र निघते. पण टाकीतलं पाणी सरळ नळीत सोडता येत नाही. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी काय होतं ते गीझरची कॉइल काढून बघा, पांढरा दगड चढलेला असतो. म्हणून फरशीतलं पाणी वेगळ्या, बंद चक्रात ठेवावं लागतं, मध्ये उष्णता देणारी कॉइल, एक छोटा पंप आणि पाणी ठरावीक तापमानाच्या वर जाऊ न देणारा व्हॉल्व्ह लागतो. हे काम आधी केलेला प्लंबर हाताशी असेल तरच या वाटेला जा.

बिल किती येईल

सहा चौरस मीटर गुणिले १५० म्हणजे ९०० वॉट. गीझरच्या निम्म्याहूनही कमी भार. फरशी एकदा तापली की थर्मोस्टॅट, म्हणजे सेन्सरच्या मापावरून मॅट चालवणारं यंत्र, वीज चालू-बंद करत राहतो. आठ तासांच्या रात्रीत मॅट निम्मा ते पाऊण वेळ चालते असं धरलं तर रात्रीला साडेतीन ते साडेपाच युनिट जातील, महिन्याला शंभर ते दीडशेच्या वर. खरी गोम इथं आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो: १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, त्यापुढे आणखी चढा. तुमचा महिन्याचा वापर आधीच २५० असेल तर ही वाढ तुम्हाला तिसऱ्या टप्प्यात ढकलते. मागच्या जानेवारीचं बिल काढा, त्यात दीडशे युनिट मिळवा आणि नव्या टप्प्यानं हिशोब करा. गच्चीवर सोलर पॅनेल आणि नेट मीटर असेल तर हा प्रश्न बराच हलका होतो.

काम कधी काढायचं

दिवाळीनंतर थंडी जाणवली की लोक चौकशीला येतात. तेव्हा फरशी उखडली तर संक्रांत येईपर्यंत ती वापरता येत नाही. नवीन कोबा टाकला तर तो २८ दिवस मुरू द्यावा लागतो. त्यावर टाइलचं अधेसिव्ह पक्कं व्हायला आणखी आठवडाभर धरा. म्हणून नवरात्राच्या आधी काम संपेल असं बघा. बदलायची झालेली फरशी असेल तर त्याच खर्चात हे बसवून घ्या. केवळ गरम फरशीसाठी चांगली फरशी फोडू नये.

आणि फोडण्याआधी फरशीकडे नीट बघा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात मुरूम नीट भरून दाबला नसेल तर फरशी दर वर्षी हलते. एका ठिकाणी खचलेली, दुसरीकडे उचललेली, सांध्यांत केसाएवढ्या भेगा, अशी लक्षणं असतील तर आधी भराव दुरुस्त करा. केबल भेगेवरून गेली की कधीतरी ताणून तुटणार. धाब्याच्या जुन्या घरात शेणानं सारवलेली जमीन असेल किंवा वर लाकडी माळा असेल, तर हा प्रकार तिथं करू नका.

प्रत्यक्ष काम

पहिलं काम वायरमनचं. वितरण पेटीतून या मॅटसाठी स्वतंत्र वायर आणा, अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची, तिला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. आरसीसीबीवर तडजोड नाही. अर्थिंगही तपासून घ्या. काही घरांत न्यूट्रललाच अर्थिंग जोडून वेळ मारून नेलेली असते. ते धोकादायक आहे, आणि फरशी पुसताना ओली होणार आहे.

मग गवंड्याकडून तळ सपाट करून घ्या. धूळ झाडून, प्रायमर मारून त्यावर एक्सपीएसची शीट चिकटवा. ही दाबाला टिकणारी घट्ट शीट असते. पॅकिंगचा साधा थर्माकोल चालत नाही, तो दबतो आणि वरची टाइल पोकळ वाजायला लागते. खोली वरच्या मजल्यावर असेल तर शीट जास्त जाड घ्या, नाहीतर खालच्यांचं छत तापवत बसाल. भिंतीच्या कडेनं फोमची पट्टी लावा, म्हणजे फरशी प्रसरण पावली तरी भिंतीला रेटणार नाही.

उंचीचा हिशोब याच वेळी करायचा. शीट, केबल, अधेसिव्ह, टाइल मिळून तीस ते चाळीस मिलिमीटर होतात. जुन्या फरशीवरच केलं तर खोली तेवढी उंच होते, दारं खालून कापावी लागतात आणि उंबऱ्यापाशी पायरी तयार होते. ज्या म्हाताऱ्या माणसासाठी हे सगळं चाललंय, तेच तिथं ठेचकाळतं. म्हणून जुनी फरशी काढूनच करा, शेजारच्या खोलीशी पातळी जुळवा.

आता मॅट. खोक्यातून काढल्यावर आधी मल्टिमीटरनं रेझिस्टन्स मोजा. २३० व्होल्टवर ९०० वॉटची मॅट असेल तर तो ५९ ओहमच्या जवळपास यायला हवा. पेटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाच टक्के कमी किंवा दहा टक्के जास्त इतकाच फरक चालतो. मेगर नावाच्या मीटरनं केबल आणि अर्थ यांच्यातला इन्सुलेशन रेझिस्टन्सही बघा. हीच मोजणी मॅट अंथरल्यावर परत, आणि टाइल बसल्यावर परत. तिन्ही वेळचे आकडे तारखेसह लिहून ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीत फरक आला तर समजायचं की टाइल बसवताना केबल दुखावली. अधेसिव्ह ओलं असेपर्यंत टाइल उचलता येते, नंतर फोडावी लागते.

मॅट वळवायची असेल तर फक्त जाळी कापा. केबल कापायची नाही, आखूडही करायची नाही. केबल कापली की रेझिस्टन्स कमी होतो, करंट वाढतो आणि ती जळते. एक केबल दुसरीवर चढता कामा नये. तापणारी केबल जिथं साध्या वायरला जोडलेली असते तो जाडसर जोड पूर्ण अधेसिव्हमध्ये बुडाला पाहिजे. तो भिंतीच्या खाचेत ठेवू नका.

सेन्सरकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, आणि नंतर सगळ्यात जास्त त्रास तोच देतो. तो केबलच्या दोन ओळींच्या बरोबर मध्ये, एका बारीक कन्ड्युट पाइपात घालायचा. पाइपाचं आतलं टोक टेपनं बंद करायचं आणि भिंतीत चढताना मोठं वळण द्यायचं. असं केलं की सेन्सर बिघडल्यावर वरून ओढून नवा घालता येतो. टोक बंद केलं नाही तर अधेसिव्ह आत शिरतं, सेन्सर कायमचा गाडला जातो आणि एवढ्याशा वस्तूसाठी टाइल फोडायची वेळ येते. हे काम उभं राहून करून घ्या.

टाइल बसवण्याआधी अंथरलेल्या मॅटचे फोटो काढा, भिंतीपासूनची अंतरं दिसतील अशी मोजपट्टी खाली ठेवून. पुढे कुणी दाराला स्टॉपर बसवायला ड्रिल घेऊन आला की हे फोटो उपयोगी पडतात.

अधेसिव्ह लवचीक, पॉलिमरवालं घ्या. साध्या सिमेंटच्या मालात फरशी बसवली तर तापण्या-गार होण्यानं ती सुटते. गवंड्याला दोन गोष्टी निक्षून सांगा: थापीची धार केबलवर घासायची नाही आणि केबलवर उभं राहायचं असेल तर खाली फळी किंवा पुठ्ठा. वर टाइल, कोटा, शहाबादी, ग्रॅनाइट काहीही छान चालतं, दगड ऊब धरून ठेवतो. लाकडी लॅमिनेट घालणार असाल तर पृष्ठभाग २७ अंशांच्या वर नेऊ नका. जाड सतरंजी अंथरली की ऊब खालीच राहते, म्हणून त्या पट्ट्यावर काही नको.

चालवायचं कसं

अधेसिव्ह पूर्ण वाळल्याशिवाय "एकदा चालू करून बघू" म्हणू नका. पहिल्या दिवशी थर्मोस्टॅट २० अंशांवर लावा, मग रोज दोन-तीन अंशांनी चढवा.

राहत्या खोलीत फरशी २९ अंशांच्या वर नसावी, युरोपातल्या मानकातही हीच मर्यादा आहे. बाथरूमला ३३ चालतात. हाताला २७-२८ अंशांची फरशी गरम लागत नाही, आणि बरेच जण तिथंच फसतात: "तापतच नाही" म्हणून आकडा वाढवतात. पायाला गार न लागणं एवढंच तिचं काम आहे. खोलीची हवा २० अंश आणि फरशी २८ असली की दर चौरस मीटरमधून ८० ते ९० वॉट उष्णता खोलीत येत राहते, आणि फटी बुजवलेल्या असतील तर तेवढी पुरते.

टायमर असा लावा: झोपायच्या तासभर आधी चालू, मध्यरात्री दोन-तीन अंश कमी, पहाटे तीननंतर परत पूर्ण. पहाटेच खरी थंडी पडते आणि म्हातारी माणसं तेव्हाच उठतात. सकाळी ऊन आलं की बंद करून खिडक्या उघडा. रात्री वीज जाणाऱ्या गावात मॅट तासभर लवकर चालू करा. टाइल आणि अधेसिव्हच्या थरात साठलेली ऊब थोडा वेळ तरी निभावते.

फरशी जमली नाही म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं ठेवणं मात्र कुणीही करू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. भाड्याचं घर असेल किंवा एवढ्यात फोडाफोड नको असेल, तर गालिच्यासारखी वर अंथरायची विजेची मॅट मिळते, पाय ठेवायला ती पुरते. तिलाही आरसीसीबी हवाच, आणि तिच्यावर गादी टाकायची नाही.

फेब्रुवारी सरला की एमसीबी खाली पाडून ठेवा. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत वायरमन घरी आला की रेझिस्टन्स आणि मेगर दोन्ही मोजून घ्या आणि जुन्या आकड्यांशी ताडून बघा. तो कागद आणि मॅटचे फोटो वितरण पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेले असू द्या.